पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही : माझा अनुभव

२०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्ये सूर्यग्रहणाचा दिवस आला होता. आई म्हणाली, नवी वस्तू पाडव्यालाच सुरू करा. म्हणून आदल्या रात्री आम्ही नव्या कॉम्प्युटरची नुसती जोडणी करून ठेवली. २६ ऑक्टोबरला सकाळी फराळ आटोपला, आईनं कॅबिनेटला हळदकुंकू लावलं आणि माझ्या मुलीनं बटण दाबलं. पंखे फिरले, ग्राफिक्स कार्डाचाही पंखा फिरला. मॉनिटरवर 'नो सिग्नल' अशी पट्टी आली आणि थोड्या वेळानं तीही गेली.

मुलगी तेव्हा आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या कामाला लॅपटॉप पुरत नव्हता. तिचे साठवलेले, आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी दिलेले आणि माझे असे पैसे एकत्र करून आम्ही दोघं साताऱ्याहून मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवर दिवसभर हिंडून एकेक भाग घेतला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. बोर्ड मुद्दाम जुन्या चिपसेटचा घेतला, कारण तिथे वाचलेल्या पैशात मोठी एसएसडी बसत होती. आता दुकान भाऊबीज होईपर्यंत बंद. मुलगी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला ते मला दिसलं.

पहिली चूक लगेच सापडली. एचडीएमआयची वायर आम्ही मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात लावली होती. ते पोर्ट बहुतेक बोर्डांवर असतं म्हणून माणूस सहज तिथेच लावतो. पण ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, ते ५६००जी मध्ये असतं. त्यामुळे ५६०० बसवल्यावर ते पोर्ट मुकंच राहतं. वायर खाली ग्राफिक्स कार्डाला लावली. तरीही पडदा काळाच.

मग मी तेच केलं जे घाबरलेला माणूस करतो. रॅम काढून परत लावली, कार्ड काढून परत लावलं, वायरी हलवल्या, आणि हे सगळं एकाच दमात. तासाभरानं मला हेही सांगता आलं नसतं की कोणती गोष्ट तपासून झाली आणि कोणती राहिली.

तेव्हा वडील आतून वही घेऊन आले. त्यांनी आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. कॉम्प्युटर त्यांनी कधी उघडला नव्हता. ते म्हणाले, "टीव्ही आला की आम्ही आधी बघायचो, रास्टर आहे का, म्हणजे पडदा नुसता उजळतो का. रास्टर आहे आणि पिक्चर नाही, तर दोष एका बाजूला. रास्टरच नाही, तर दुसऱ्या बाजूला. तुझ्या या डब्यात असं कुठं काही कळतं का?"

कळत होतं. रॅमच्या बाजूला बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात : सीपीयू म्हणजे प्रोसेसर, डीरॅम म्हणजे रॅम, व्हीजीए म्हणजे ग्राफिक्स कार्ड, आणि बूट. मशीन सुरू होताना बोर्ड याच क्रमानं एकेक भाग तपासतो आणि जिथे अडतो तिथला दिवा पेटलेला राहतो. आमच्याकडे पहिलाच लाल दिवा तसाच होता, सीपीयूचा. म्हणजे रॅम आणि कार्ड यांच्यापर्यंत गाडी पोचलीच नव्हती आणि मी तासभर त्यांच्याच मागे लागलो होतो. वडिलांनी वहीत लिहिलं : 'सीपीयू दिवा चालू. पुढं नाही.' मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि आधी सप्लाय."

"पंखे फिरतायत की, बाबा."

"पंखा काय कशावरही फिरतो. मोजल्याशिवाय सप्लाय आहे म्हणू नये."

एसएमपीएस बाहेर काढला. चोवीस पिनच्या कनेक्टरमध्ये सोळावी पिन ग्राउंडला, म्हणजे शेजारच्या सतराव्या पिनेला जोडली की एसएमपीएस एकटा चालू होतो. जुन्या एसएमपीएसमध्ये सोळावीची वायर हिरवी आणि ग्राउंडच्या काळ्या असतात. आमच्यात सगळ्याच काळ्या, त्यामुळे पिना मोजाव्या लागल्या. कागदांना लावायची क्लिप वाकवून जोड दिला, लोड म्हणून एक पंखा लावला आणि वडिलांनी मल्टिमीटर टेकवला. बारा व्होल्टच्या जागी १२.०८, पाचच्या जागी ५.०३, ३.३ च्या जागी ३.३४. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे बाराला ११.४ ते १२.६. आकडे उत्तम होते. पूर्ण लोड आल्यावर व्होल्ट किती राहतील ते आत्ता सांगता येणार नाही, हेही त्यांनी वहीत लिहिलं.

सीपीयूला सप्लाय देणारा आठ पिनचा कनेक्टर वेगळा असतो, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात. तो राहिला की हीच लक्षणं दिसतात : पंखे फिरतात आणि सीपीयूचा दिवा पेटलेला राहतो. कार्डासाठीचाही आठ पिनचाच असतो आणि दिसायला सारखा, पण चार-चार असा दुभंगतो तो सीपीयूचा, सहा-दोन असा दुभंगतो तो कार्डाचा. आमचा योग्य होता आणि कळ बसेपर्यंत आत गेलेला होता.

मग बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर. बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ, म्हणजे त्याला उचलून धरणारे छोटे खुंट असतात. त्यातला एखादा भलत्या जागी राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो. नऊ होते, नऊही भोकांखालीच होते. बोर्ड आम्ही त्याच्याच खोक्यावर ठेवला. तो ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर ठेवून चालू करू नये, तिच्या वरच्या थरातून वीज जाऊ शकते. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि कार्ड एवढंच ठेवलं. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत. कॅबिनेटचं बटण नव्हतंच, म्हणून 'पॉवर स्विच' लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा फिरला. दिवा सीपीयूवर.

बॅटरी काढून सीएमओएस, म्हणजे बोर्डात साठवलेल्या सेटिंग्ज, साफ केलं. ती सीआर२०३२ची गोल बॅटरीही वडिलांनी मोजली, ३.१ व्होल्ट. फरक नाही.

त्यानंतर त्यांनी जे सुचवलं ते मला आजही फार मोलाचं वाटतं. माळ्यावर एक जुनं कॅबिनेट होतं. त्यातला रुपयाएवढा स्पीकर काढून त्यांनी बोर्डाच्या स्पीकर पिनांना लावला आणि म्हणाले, "रॅम दोन्ही काढ. रॅम नाही म्हणून हा ओरडतो का बघू." तर्क साधा होता. रॅम नसल्याचं ओरडायलासुद्धा प्रोसेसरनं बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रॅमचा, थोडा तरी भाग चालवायला हवा. बीप आली तर प्रोसेसर जिवंत आणि दोष पुढे. आम्ही तिघं खोक्यावर वाकून ऐकत बसलो. बाहेर फटाके वाजत होते म्हणून मुलीनं खिडकी लावून घेतली. आवाज आलाच नाही.

म्हणजे आता तीनच शक्यता : प्रोसेसर खराब, बोर्ड खराब, किंवा दोघांचं एकमेकांशी जमत नाही.

प्रोसेसर काढायचा म्हणजे माझ्या पोटात गोळा आला. एएम४ सॉकेटला, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या या प्रकारात, पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ पिना, आणि कूलर सरळ वर ओढला तर दोघांमधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे सैल केले. मग कूलर ओढला नाही, झाकण फिरवावं तसा डावीउजवीकडे हळूहळू फिरवत राहिलो. एकदम सुटल्यासारखा हाताला लागला, तेव्हा उचलला. प्रोसेसर जागेवर होता. लिव्हर उघडून तो काढला आणि वडिलांनी डोळ्याला भिंग लावलं. टेबललँपच्या उजेडात प्रोसेसर तिरका धरून ते एकेक ओळ बघत होते. पिना सरळ असतील तर तिरकं बघितल्यावर सगळ्या एका रेषेत दिसतात, वाकलेली लगेच वेगळी दिसते. त्यांनी चारही बाजूंनी बघितलं, मग भिंग मुलीला दिलं. तिनंही बघितलं. "सगळ्या सरळ आहेत, आबा."

परत बसवताना पेस्ट लागणार होती, कारण कूलरबरोबर आलेली पुसून टाकावी लागली. सणाच्या दिवशी ती कुठून आणायची? वडिलांच्या खणात हीट सिंक कंपाउंडची पांढरी ट्यूब निघाली, टीव्हीच्या ट्रान्झिस्टरखाली लावायचे ती. प्रोसेसर ६५ वॉटचा, फार तापणारा नाही. दोन-चार दिवसांपुरती चालणार होती.

आणि बोर्ड बाजूला घेताना मुलीला ते दिसलं. इतका वेळ आम्ही ज्या खोक्याचा टेबल केला होता, त्याच्या कोपऱ्यावर स्टिकर होता : 'रायझन ३००० डेस्कटॉप रेडी'.

आमचा प्रोसेसर ५००० च्या मालिकेतला.

बी४५० हा चिपसेट २०१८ चा. रायझन ५००० मालिका आली नोव्हेंबर २०२० मध्ये आणि आमचा ५६०० तर एप्रिल २०२२ मध्ये. सॉकेट तोच असल्यामुळे प्रोसेसर बरोबर बसतो, पण त्याला ओळखून सुरू करायचा एएमडीचा (रायझन बनवणाऱ्या कंपनीचा) कोड बोर्डाच्या बायोसमध्ये असावा लागतो. आमचा बोर्ड जुन्या साठ्यातला, कारखान्यातून निघताना त्यात जो बायोस होता तोच अजून होता. त्याच्यासाठी हा प्रोसेसर अनोळखी होता. काहीच खराब नव्हतं. मी बोर्ड निवडताना कंपनीच्या यादीत ५६०० पाहिला होता, पण त्याच्या पुढच्या रकान्यात कोणत्या बायोसपासून तो चालतो हे लिहिलेलं असतं, ते वाचलं नव्हतं.

एरवी यावर उपाय म्हणजे जुना प्रोसेसर घालून बायोस अपडेट करणं, आणि तो आमच्याकडे कुठून असणार? पण या बोर्डाला मागे 'फ्लॅश बायोस' लिहिलेलं छोटं बटण होतं. विकत घेताना मी त्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. त्या बटणानं प्रोसेसर, रॅम, कार्ड काहीही नसताना पेनड्राइव्हवरून बायोस भरता येतो. फक्त चोवीस पिन आणि आठ पिन असा सप्लाय लागतो.

लॅपटॉपवर कंपनीच्या साइटवरून आमच्या बोर्डाचा नवा बायोस उतरवला, झिप उघडली, मॅन्युअलमध्ये दिलंय तेच नाव फाइलला दिलं. एसएमपीएसचा मागचा स्विच चालू, पण बोर्ड सुरू करायचा नाही. पेनड्राइव्ह खूण केलेल्या यूएसबी पोर्टातच, दुसऱ्या कुठल्या नाही. बटण दाबलं. शेजारचा लाल दिवा दोन-तीनदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

दोष पेनड्राइव्हचा होता. माझा ६४ जीबीचा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला, बोर्डाला फॅट३२ लागतो. या दोन्ही फाइली साठवायच्या पद्धती. मोठे पेनड्राइव्ह विंडोज सहजी फॅट३२ करून देत नाही. घरात लहान पेनड्राइव्ह एकच होता, वडिलांचा आठ जीबीचा, त्यांच्या नाट्यगीतांनी भरलेला. त्यांनी स्वतःच टीव्हीमागून काढून आणून दिला. गाणी लॅपटॉपवर उतरवून घेतली, फॅट३२ केला, फाइल टाकली.

या वेळी दिवा लुकलुकत राहिला. आधी सावकाश, मग भराभर. मी फक्त वीज जाऊ नये एवढंच मनात म्हणत होतो आणि घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. घड्याळात सहा मिनिटं झाली असतील, दिवा विझला.

एसएमपीएस बंद केला, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून तो सोडला, पांढरं कंपाउंड तांदळाच्या दोन दाण्यांएवढं मध्ये ठेवलं, कूलर, एक रॅम, कार्ड. स्क्रू-ड्रायव्हर मुलीच्या हातात दिला.

सीपीयूचा दिवा लागला आणि गेला. डीरॅमचा लागला, बराच वेळ राहिला, गेला. व्हीजीए. मग बूट. आणि मॉनिटर उजळला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत, नवा प्रोसेसर बसवला आहे, एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षेच्या किल्ल्यांचा साठा) रीसेट करायचं का, असा प्रश्न होता. विंडोज अजून टाकलंच नव्हतं, त्यामुळे गमावण्यासारखं काही नव्हतं. 'वाय' दाबलं. मुलीनं आधी आबांना मिठी मारली, मग मला.

दुसरी रॅम चौथ्या खाचेत घातली, मशीन परत सुरू केलं. बायोसमध्ये रॅम २६६६ वर दिसत होती, एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग, चालू केल्यावर ३२०० झाली. त्यानंतरच सगळं कॅबिनेटमध्ये चढवलं. भाऊबीजेनंतर दुकानदाराला फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, घेऊन आला असता तर इथे करून दिलं असतं. मी त्याला एवढंच सांगितलं की जुन्या साठ्यातला बोर्ड देताना गिऱ्हाइकाला प्रोसेसर कोणता घालणार ते विचारा, लांबून आलेल्या माणसाला परत येणं सोपं नसतं. पुढच्या आठवड्यात चांगली थर्मल पेस्ट आणून लावली.

वडिलांच्या वहीत त्या दिवसाचं पान अजून आहे. दुकानात गिऱ्हाइकाच्या सेटची नोंद करायचे तसंच लिहिलंय : तारीख, वर नातीचं नाव, खाली 'सप्लाय ओके. सीपीयू ओके. बोर्ड ओके. बायोस जुना होता, नवा भरला. पिक्चर आलं.' गाणी मी त्याच रात्री पेनड्राइव्हवर परत भरून दिली.