साठीनंतर हाती आलेला कुंचला

निवृत्तीनंतर मी जलरंग शिकायला घेतले, याचे श्रेय कोल्हापूरच्या पावसाळ्याला द्यावे लागेल. नोकरीच्या काळात पन्हाळ्याच्या वाटेने कितीतरी वेळा गेलो होतो. परंतु ढग खाली उतरले की एकामागची दुसरी डोंगररांग कशी फिकट आणि निळसर होत जाते, हे थांबून पाहण्याची सवड तेव्हा नव्हती. त्याच सुमारास टाउन हॉल संग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रे पाहिली आणि कोटितीर्थ तलावासारख्या रोजच्या पाहण्यातल्या जागेत एका थोर चित्रकाराला आयुष्यभर पुरेल एवढा विषय सापडला होता, हे जाणवले.

शिकवणारे सर माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात. सुरुवातीला त्यांनी निसर्गचित्राला हातच लावू दिला नाही, नुसते वॉश, म्हणजे पातळ रंगाचे एकसारखे थर, द्यायला लावले. बोर्ड किंचित तिरका ठेवायचा, कुंचला रंगाने भरून आडवा फिरवायचा आणि खालच्या कडेला साचलेला ओला रंग पुढच्या फटकाऱ्यात सामावून घेत खाली यायचे. कंटाळवाणा वाटणारा हा सराव मला मात्र मनापासून आवडला. साधा ड्रॉइंगचा कागद पाण्याने फुगतो, म्हणून ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती कागद घेतला. तो महाग असल्याने निवृत्तिवेतनातला माणूस दोन्ही बाजू वापरतो, हे ओघाने आलेच.

खरा कस लागला तो हिरव्या रंगात. ट्यूबमधला तयार हिरवा आपल्याकडच्या डोंगरावर उपरा दिसतो. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि पिवळा मिसळून त्यात बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा अंश घातला, की ओल्या गवताचा, खाली तांबडी माती असल्याची जाणीव देणारा हिरवा तयार होतो. आणि पिवळा वगळून उरलेल्या दोघांना भरपूर पाण्यात सोडले, की आषाढातल्या ढगांचा करडा मिळतो. लांबच्या रांगांसाठी निळा वाढवायचा, पाणीही वाढवायचे. त्यातही रंग वाळल्यावर फिका पडणार, हे धरून तो ओला असताना थोडा गडदच लावावा लागतो. एप्रिलच्या उन्हात वॉश पाहता पाहता वाळतो आणि कडा कडक उमटतात. पावसाळी दमट हवेत तो बराच वेळ ओला राहतो, त्यामुळे धुक्यात विरणारे डोंगर याच दिवसांत चांगले जमतात, असे माझे मत आहे. फक्त पुढच्या झाडांसाठी कागद वाळण्याची वाट पाहावी लागते आणि माझ्या वयाला ते सोयीचे आहे.

रंकाळ्यावरचे बगळे रंगवण्यासाठी पांढरा रंग वापरायचा नाही, अशी सरांची शिस्त आहे. तेवढा कागद आधीच कोरा सोडावा लागतो, म्हणजे बगळा कुठे असणार हे आकाश रंगवण्यापूर्वीच ठरवणे आले. सध्या मसाई पठारावरच्या फुलांचा सराव चालू आहे. फूल न् फूल काढण्याऐवजी ओल्या हिरव्यावर जांभळ्याचा एकच पट्टा सोडायला सरांनी सांगितले आहे. कागद किती ओला असताना तो पट्टा सोडावा, याचा अंदाज अजून बसायचा आहे.