पँट बुटावरून चढते का?

येत्या शनिवारी फेल रेस आहे. उत्तर इंग्लंडमध्ये डोंगराला फेल म्हणतात. या शर्यतीत चेकपॉइंट ठरलेले असतात, मधली वाट मात्र बऱ्याचदा आपली आपण काढायची. पुण्याच्या एका मैत्रिणीने विचारलं, पळायला जातेस तर एवढं ओझं कशाला? तिला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी जुन्नरची. दर पावसाळ्यात नाणेघाट ठरलेला. नखशिखांत भिजायचं, वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघायचा आणि खाली येऊन भजी-चहा. भिजणं म्हणजे मजा, हे अंगात मुरलेलं. मँचेस्टरला आल्यावर पहिल्यांदा जवळच्या किंडर स्काउट या डोंगरावर गेले, तर तिथेही उलटा धबधबा! किंडर डाउनफॉलचं पाणी पश्चिमेच्या वाऱ्यात तसंच वर उडतं. मला घरीच आल्यासारखं वाटलं. उंची 636 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही. इथे काय होणार?

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये क्लबातल्या मैत्रिणीबरोबर तिथेच सरावाला गेले होते. माथ्यावर सगळी पीट, म्हणजे वर्षानुवर्षं साचलेल्या कुजक्या वनस्पतींचा काळा, भिजलेला थर. त्यात पाण्याने कापलेले, माणसाच्या उंचीएवढे खोल चर. अशा एका चरात पाय अडकला आणि घोटा मुरगळला. पाऊस आडवा लागत होता, तापमान तीनेक अंश. पळत होते तोवर अंगात ऊब होती. बसले, आणि दहा मिनिटांत दात वाजायला लागले.

सामान सगळं होतं. जॅकेट होतं, वॉटरप्रूफ पँट होती. पण पँट चिखलाने माखलेल्या बुटावरून जाईना आणि बुटाची लेस सुटेना. जॅकेटच्या चेनचं टोक चिमटीत धरायला गेले तर बोटांना ते लागलंय की नाही तेच कळेना. शेवटी मैत्रिणीने वाकून दातांनी माझी चेन ओढली. मग तिने स्वतःच्या पिशवीतून नारिंगी प्लास्टिकची मोठी थैली काढली आणि मला गळ्यापर्यंत आत घातलं. थोडी ऊब आल्यावर तिच्या खांद्यावर हात टाकून पायथ्याच्या ईडेल गावात उतरलो. अडीच तास लागले.

तेव्हापासून मी सामान भरते ते पळणाऱ्या बाईसाठी नाही, बसलेल्या बाईसाठी.

लांबच्या शर्यतींना काय लागतं ते फेल रनर्स असोसिएशनच्या नियमांत आहे: शिवणींना आतून टेप लावलेलं, टोपी जोडलेलं वॉटरप्रूफ जॅकेट, तशीच पँट, कानटोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि अडीअडचणीचं खाणं. सुरुवातीला तपासणी होते, कधी शेवटीही होते, आणि काही कमी निघालं तर बाद. मला हे अगदी योग्य वाटतं. नुसता वारा अडवणारं पातळ जॅकेट आणून ‘चालेल ना?’ विचारणारे भेटतात. नाही चालत. पाणी आत गेलं की वारा अंगातली ऊब ओढून नेतो.

नियमापलीकडे मी चार गोष्टी करते. प्रत्येक चेनला नाडीचा मोठा फास बांधलाय, हातमोजा घालूनही बोट अडकतं. पँट घेताना पायाला गुडघ्यापर्यंत चेन असलेलीच घेतली. हातमोज्यांचा दुसरा जोड झिपच्या पिशवीत, कोरडा. आणि ती नारिंगी थैली. चंदेरी पातळ चादर हलकी असते खरी, पण वाऱ्यात ती धरून ठेवायलाच दोन माणसं लागतात. थैलीत आपण शिरून बसतो. खाण्यात शेंगदाण्याची चिक्की, तीही आधीच तुकडे करून, कारण गारठलेल्या हातांनी ती मोडत नाही. सगळं मिळून किलोभर वजन होतं.

शिट्टी पिशवीच्या तळाशी टाकू नका, पट्ट्याला बांधा. मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. फोन असेल तर 999 हा इथला आणीबाणीचा नंबर लावून आधी पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक, हवंय म्हणून सांगायचं. आवाज जात नसेल तर त्याच नंबरला मेसेज करता येतो, पण त्यासाठी घरी असतानाच नोंदणी करून ठेवावी लागते. ओल्या बोटांना फोनची काच दाद देत नाही, म्हणून होकायंत्र मी फोनच्या भरवशावर सोडत नाही.

आणि एक. शर्यत अर्धवट सोडलीत तर परस्पर घरी जायचं नाही. शेवटच्या रेषेवर जाऊन आपला नंबर सांगायचाच. नाहीतर मोजणीत एक माणूस कमी भरतो, आणि रेस्क्यूची मंडळी, सगळे बिनपगारी स्वयंसेवक, अंधारात तुम्हाला शोधत फिरतात. तुम्ही तेव्हा घरी गरम पाण्याने अंघोळ करत असता.

काल संध्याकाळी अंगणात नेहमीची तालीम केली. बादलीत बर्फ टाकून दोन मिनिटं हात बुडवले, मग चिखलाचे बूट न काढता पँट, जॅकेट, टोपी, हातमोजे. पहिल्या वर्षी साडेपाच मिनिटं लागली होती. काल दोनच्या आत झालं. डाव्या पायाची चेन अजून जराशी अडकते, तिला मेण चोळून ठेवलंय.