आमची वाटचाल: भाजीची पिकअप ते कुत्र्यांची पिकअप

२०११ साली माझी पिकअप बेळगावातून गोव्याला भाजी न्यायची. रात्री मार्केटात भरायची, चोर्ला घाट उतरून पहाटे म्हापशाला खाली करायची आणि येताना रिकामी यायची. रिकामी पिकअप घाटात कशी आपटते ते ज्यानं चालवलीय त्यालाच माहीत, खालचे स्प्रिंगचे पाटे टनाच्या मालाचे आणि वर वजन काहीच नाही. अशाच रिकाम्या फेरीत एका बंगलेवाल्यानं ग्रेट डेन जातीचा मोठा कुत्रा बेळगावला पोचवायला दिला, आणि मी काय केलं तर सरळ गळ्याचा पट्टा हौद्याच्या हुकाला दोरीनं बांधून निघालो. घाटातल्या वळणाला मागचा मोटरसायकलवाला हॉर्नवर हॉर्न मारायला लागला म्हणून थांबलो, बघतो तर कुत्र्याचे पुढचे दोन्ही पाय फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या कडेच्या झडपेच्या, बाहेर. अजून एक धक्का बसला असता तर तो बाहेर पडून गळ्याच्या पट्ट्यावर लटकला असता. त्या दिवसापासून माझ्या गाडीत गळ्याला बांधणं बंद. बांधायचंच झालं तर छातीचा हार्नेस, दोरीला भोवरी (फिरती कडी, पीळ पडू नये म्हणून) पाहिजे आणि लांबी इतकीच की बसता-उठता येईल पण तोंड फाळक्यावर जाणार नाही.

पहिला पिंजरा उद्यमबागेतल्या एका मिस्त्रीनं केला. माणूस कन्नड, मराठी आमच्यासारखंच बोलायचा. मी डुक्कर नेतात तसला जाड सळ्यांचा सांगितला होता तर म्हणाला, "मालक, ह्यात पाय अडकून मोडतोय बघा री, मुधोळ कुत्र्याची तंगडी बघितलाय नव्हं किती बारीक?" त्यानं एक इंची स्क्वेअर पाइपचा सांगाडा केला, त्याला बारीक घराची वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी), सगळ्या वेल्डिंगवर ग्राइंडर मारला आणि मग स्वतः आत हात घालून कोपरा न कोपरा चाचपून बघितला. ग्रेट डेनसाठी चार फूट लांब, साडेतीन फूट उंच. खाली गोठ्यातली रबर मॅट, कारण हौद्याच्या लोखंडी चेकर्ड प्लेटवर कुत्रं घसरतं आणि मे महिन्यात तीच प्लेट तव्यासारखी तापते. आतल्या बाजूंनाही वीतभर उंचीवर मॅटची पट्टी, डेनची शेपटी जाळीवर आपटून फुटते आणि मग रक्त थांबता थांबत नाही. तो पिंजरा अजून वापरात आहे. मिस्त्री दोन वर्षं माझा निम्म्याचा पार्टनर होता, पुढं मुलाकडं हुबळीला गेला, पण त्याच्या हातचं ग्राइंडिंग मला आजवर दुसऱ्या कुणाकडनं मिळालं नाही.

पिंजरा ठेवायचा केबिनला चिकटून, मागच्या ॲक्सलच्या पुढं, तिथं धक्का कमी. चार कोपऱ्यांना चार रॅचेट बेल्ट (खटक्यानं आवळायचे पट्टे), दोर चालत नाही, दोर ढिला पडतो. गाडी हलकी असली तर ॲक्सलवर वाळूची पोती टाका. आणि कुत्र्याला हौद्यातून उडी मारू देऊ नका, सहा फुटी फळी लावा, पिल्लांचे आणि म्हाताऱ्यांचे सांधे तिथंच जातात.

नंतरची पाच-सहा वर्षं गाडी बरी चालली, भाजी सुटली, दुसरी पिकअप कर्जावर घेतली.

आता मुद्द्याचं. माझ्याकडं दोन वर्षं चालवायला होता तो पोरगा एक दिवस माझ्याच पिंजऱ्याची मापं घेऊन गेला आणि स्वतःची पांढरी पिकअप, हिरवी ताडपत्री, सगळं माझ्यासारखंच करून निम्म्या भाड्यात धंदा सुरू केला. धंदा करू दे, रस्ता काय माझ्या बापाचा नाही. पण ह्यानं मे महिन्यात भर दुपारी तीन रॉटवायलर पुण्याला काढले, ऊन लागू नये म्हणून ताडपत्री पुढून आणि दोन्ही बाजूंनी गच्च आवळली, फक्त मागचं तोंड उघडं. अहो, चालत्या गाडीच्या मागं हवा ओढली जाते, सायलेन्सरचा धूर उलटा हौद्यात येतो! कुत्र्याला आपल्यासारखा घाम नाही, त्याचं सगळं गार होणं जिभेवर आणि धापेवर, आणि आतली हवा कोंदट झाली की धाप टाकून पण उपयोग नाही. एक जागेवर गेला. त्याच्या मालकानं फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "बेळगावची पिकअप". झालं, पांढरी गाडी, हिरवी ताडपत्री, लोकांनी माझंच नाव घेतलं.

मी त्या दिवशी गाडी घेऊन खानापुरात होतो, पण ऐकून कोण घेतो. मी किती जणांना फोन केले, रजिस्टर दाखवलं, प्रत्येक फेरीचं जनावरांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवलं, जे १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणं लागतंच आणि जे त्या पोरानं कधी घेतलं नव्हतं. चार महिने एक पण फेरी नाही. कर्जाचे हप्ते थकले, बायकोच्या पाटल्या सोसायटीत ठेवल्या, दुसरी पिकअप गिऱ्हाईक बघून विकायला काढली. ते चार महिने मी अजून विसरलो नाही आणि विसरायचे पण नाहीत.

त्यात फोन आला सुभेदार काकांचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं रिटायर, निपाणीकडं शेती, मुधोळ हाउंडचा नाद असा की सकाळी स्वतःच्या चहाआधी कुत्रीला फिरवून आणायचे. "काय करूलालास रे? परवा माझी कुत्री पुण्याला न्यायची आहे, तूच ने." मी म्हटलं काका, लोक काय बोलतात ऐकलंय नव्हं? म्हणाले, "म्हणूनच." पहाटे तीनला निघालो, काका स्वतः केबिनमध्ये बसले, दर दीड तासाला उतरून हात लावून बघायचे, कान गरम आहेत का, हिरड्या लाल आहेत का. पुण्यात पोचल्यावर त्यांनी तिथल्या पाळणाऱ्यांना माझी गाडी उघडून दाखवली, पुढून हवा येणारी जाळी, वर शेडनेट आणि मध्ये वीतभर मोकळी जागा, सगळं. त्या फेरीचं भाडं घ्यायला मी तयार नव्हतो, काकांनी जबरदस्तीनं खिशात कोंबलं. त्यानंतर हळूहळू फोन सुरू झाले. २०१९ चा पूर, हायवे बंद, मग कोरोनात बॉर्डर बंद, ते सगळं पण आलं, पण माझ्या मते मी वाचलो तो त्या एका फेरीनं.

मोठं कुत्रं पाठवणाऱ्यांना तेवढं सांगतो. निघायच्या आधी पोटभर घालू नका, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो, हलकं खाणं चार-पाच तास आधी आणि पाणी निघायच्या दोन तास आधी. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका, मुधोळसारख्या चरबी नसलेल्या कुत्र्यांना तर नाहीच, डॉक्टरला विचारा. माजावर आलेली कुत्री नरासोबत एका गाडीत नको. उन्हानं धापायला लागलं तर सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता आणि वारा घाला, तोंडात जबरदस्तीनं ओतू नका, अंगाचा ताप १०५ च्या पुढं गेला तर जवळचा डॉक्टर गाठा. आणि स्वस्त भाड्याला भुलू नका, आधी गाडीचं पुढचं तोंड उघडं आहे का ते बघा.

काका दोन वर्षांमागं गेले. त्यांच्या कुत्रीची नात आता माझ्याकडं आहे.

परवा कोगनोळी टोलनाक्यावर त्या पोराची गाडी माझ्या पुढं उभी होती, आत दोन लॅब्रेडोर, ताडपत्री पुढून परत आवळलेली. मी उतरून गेलो आणि म्हटलं पुढची ताडपत्री सोड. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, पण खाली उतरून दोर सोडला. मी माझ्या गाडीत येऊन बसलो.