ताडोब्याची तयारी

आज दुपारी जेवणे आटोपल्यावर आम्ही सर्वजण ताडोब्याच्या सहलीचा बेत ठरवायला बसलो. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता अधिक असते हे खरे असले, तरी चंद्रपूरचे ते ऊन आईला आणि सहा वर्षांच्या लेकीला सोसणार नाही, म्हणून फेब्रुवारीवर एकमत झाले. मंगळवारी उद्यान बंद असते, त्यामुळे तो वार टाळून मोहर्ली प्रवेशद्वारातून एक सकाळची आणि एक दुपारची फेरी घ्यायची, असे ठरले. जिप्सीत सहा पर्यटक बसतात आणि आम्ही नेमके सहाच आहोत, याचे मला फार समाधान वाटले. प्रवेशद्वारावर मूळ ओळखपत्र दाखवावे लागते, म्हणून आईने कपाटातून जुन्या साडीच्या घडीत जपलेले आधार कार्ड काढले आणि पदराने पुसून माझ्या हातात दिले.

गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही हे कळल्यावर मुलगा थोडा हिरमुसला. मला मात्र तो नियम मनापासून पटतो. मग त्याला मी तारूची गोष्ट सांगितली. वाघाशी झुंजताना प्राण गमावलेल्या या गावप्रमुखाला गोंड समाज देव मानतो, त्याचे देवस्थान तलावाकाठी आहे आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडले, असे सांगतात. ते ऐकून आईने नारळही यादीत लिहायला सांगितला.