कृती लिहून द्या ना!

ऐरोलीत आमच्या शेजारच्या काकूंचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन पाणी सोडेना. त्यांनी व्हिडिओ लावला. आधी नमस्कार, मग संगीत, मग ‘चॅनल सबस्क्राइब करा’. त्यातल्या दादांनी थेट खालचं झाकण उघडून फिल्टर फिरवला आणि छोट्या नळीतून पाणी आधी काढून घ्यायचं, हे सांगितलं शेवटी! तोवर काकूंच्या बाल्कनीत तळं झालं होतं.

कागदावर हे दोन ओळींत मावतं: स्विच आणि नळ बंद करा, नळीतून परातीत पाणी काढा, मग फिल्टर डावीकडे फिरवून सोडवा. नुसती नजर टाकली की पुढचा धोका आधीच दिसतो. शिवाय बोलणं मिनिटाला साधारण १५० शब्दांचं. मनातल्या मनात वाचताना इंग्रजी वाचक २०० च्या वर सहज जातात.

मोदकाच्या कळ्या कशा पाडायच्या, ते बघूनच कळतं, मान्य. पण उकडीला पाणी किती, पीठ किती, तूप कधी घालायचं? पिठाच्या हातांनी व्हिडिओ मागेपुढे कोण सरकवणार? व्हिडिओ करणाऱ्यांनो, निदान प्रमाण तरी खाली लिहा. ते शोधता येतं, आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतं, फ्रिजवर चिकटवता येतं.