शाळेचा ग्रंथपाल आणि एआय: तुम्ही विचारलेत म्हणून

नाशिकमधल्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे आणि हल्ली शिक्षक असोत वा पालक, एक प्रश्न हमखास विचारतात: कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) शिकवणे हे संगणकाच्या शिक्षकांचे काम असताना त्यात ग्रंथपालाने कशाला पडावे?

संगणकाचे शिक्षक ते तंत्र कसे चालते हे सांगतील. त्यातून आलेले उत्तर खरे कशावरून, हे तपासायला शिकवण्याचे काम मात्र ग्रंथालयाचे आहे आणि ते एआय येण्याआधीपासूनचे आहे.

आठवीच्या एका गटाने पांडवलेण्यांवरचा प्रकल्प चॅटजीपीटीकडून लिहून आणला होता. भाषा सफाईदार होती, शेवटी संदर्भग्रंथांची यादीही होती. त्यातले एक पुस्तक आमच्या दाखल नोंदवहीत (ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या नोंदीत) नव्हते, हे एक वेळ समजण्यासारखे आहे; पण ते कुठल्याच ग्रंथालयाच्या सूचीत सापडेना. लेखक खरा होता, पुस्तक मात्र एआयने रचलेले होते. चॅटजीपीटीमागची भाषा-प्रारूपे (मॉडेल्स) प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत लिहितात, म्हणून शोभेलसे शीर्षक त्यांना सहज सुचते, हे मुलांना तिथेच समजावता आले. मग 1883 चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहिती देणारा ग्रंथ, उघडला. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख तिसऱ्या लेण्यात आहे. प्रकल्पात तो दहाव्यात नेऊन ठेवला होता, जिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. चूक सापडल्यावर मुलांना जो आनंद झाला तो, खरे सांगायचे तर, प्रकल्पाच्या गुणांपेक्षा मोठा होता.

विषयशिक्षकाला अभ्यासक्रम संपवायचा असतो. ग्रंथालयाच्या तासाला परीक्षा नसते आणि बहुतेक सगळ्या तुकड्या तिथे येतात, त्यामुळे असा निवांतपणा फक्त तिथेच मिळतो. त्या तासाला मी एकच शिस्त लावते: एआयच्या उत्तरातील प्रत्येक नाव, साल आणि आकडा निदान एका छापील किंवा अधिकृत स्रोतात दाखवायचा; सापडला नाही, तर तो खोडायचा. इतिहासाच्या शिक्षकांनीही आता ही अट प्रकल्पांना लावली आहे. मराठी उत्तरांबाबत तर अधिकच सावध राहावे लागते, कारण इंग्रजीच्या मानाने इंटरनेटवर मराठी मजकूर फारच थोडा आहे. अशा वेळी मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ कामी येते.

मुलांच्या माहितीचा प्रश्नही आहेच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती लागते. म्हणून एआयमध्ये नाव, शाळा, छायाचित्र टाकायचे नाही, असा फलक मी संगणकाशेजारी लावला आहे.

अडचण आहे ती पदाची. अनेक शाळांत ग्रंथपाल अर्धवेळ असतो आणि उरलेल्या वेळात त्याच्याकडे कार्यालयातली कारकुनी येते. एआयचे सॉफ्टवेअर घेण्याची बैठक मुख्याध्यापक बोलावतील, तेव्हा ग्रंथपालालाही बोलवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.