मोडीची वही: 60 पानांपैकी उरली 19

मोडी लिपीच्या सरावासाठी गुढीपाडव्याला सुरू केलेल्या वहीचे साठावे पान काल रात्री पुरे होत आले असताना शेवटच्या ओळीत शाईचा टिपूस पडला आणि मागच्या नोंदीत जाहीर केलेल्या ‘एकही खाडाखोड नको’ या नियमाप्रमाणे मी ते पान फाडले. वही हाताला फारच हलकी लागली म्हणून पाने मोजली, तर लिहिलेल्यांपैकी 19 शिल्लक होती.

दोष बोरूच्या लेखणीचा नाही. तिसऱ्या खेपेला तिरपा छेद आणि मधली चीर अशी साधली की त्या संध्याकाळी मी पानभर नुसत्या रेघा ओढत बसलो होतो. तयार बाटलीतली शाई मात्र घेऊ नये; झेरॉक्सच्या कागदावर ती फुटते. काजळ आणि डिंकाची घरची शाई बरी.

घोडे अडले आहे ते लपेटीपाशी, म्हणजे अक्षराला अक्षर जोडत सलग लिहिण्यापाशी. शिरोरेघ मी पट्टीने आखतो, प्रत्येक अक्षर कित्त्याशी ताडून पाहण्यासाठी थांबतो आणि नेमका त्या थांब्यावर बोरू ठिपका सोडतो. ठिपका टाळावा म्हणून आणखी सावकाश लिहिले की ठिपके वाढतात. एका ओळीला चार मिनिटे लागतात. जी लिपी ऱ्हस्वदीर्घाचा भेद ठेवत नाही, शब्दांमध्ये जागा सोडत नाही, हात न उचलता भराभर लिहिण्यासाठीच जी वापरली गेली, तिची मी ठिपक्यांची रांगोळी करून ठेवली आहे. चोखच अक्षर हवे, तर 2014 पासून मोडी संगणकाच्या युनिकोडमध्ये आहेच. हल्ली वही उघडायची वेळ झाली की मी चहा लांबवतो, हे माझ्याआधी घरच्यांच्या लक्षात आले.

आज सकाळी पंचवटीत आमच्या क्षेत्रोपाध्यांकडे, म्हणजे घराण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या तीर्थपुरोहितांकडे, पणजोबांची मोडी नोंद पाहिली. धाकट्या भावाचे राहिलेले नाव ओळीच्या वर कोंबलेले, कडेला अंगठ्याएवढा डाग. गुरुजींनी ती न अडखळता वाचली.

नवी वही आणून पहिल्यापासून आरंभ करण्याचा बेत होता, तो हे लिहिता लिहिताच रद्द केला. उरलेल्या कोऱ्या पानांवर रोज वाणसामानाची यादी लिहीन, पट्टी न घेता. पहिली आताच लिहून पाहिली: दोन मिनिटांत सहा ओळी, तुरडाळीचा ‘ळ’ गुळात शिरला आहे आणि साबणावर टिपूस आहे. शिरोरेघ कागदभर एका दमात हातानेच ओढणाऱ्यांनी मनगट कुठे टेकवता, तेवढे कळवावे. माझी रेघ उजवीकडे जाता जाता गोदेच्या घाटासारखी खाली उतरते.